पूजेत बांधलेलं हत्यार

घट बसायला आठवडा राहिला की माझं डोकं फिरायला लागतं. गल्लीतल्या बायका चिंच आणि राख घेऊन दारात बसतात. आधी पितळ घासतात, मग लोखंड घासतात, आणि त्या खरखर आवाजानं मला घरात बसवत नाही. शेजारीण भली आहे. ती म्हणते, "मास्तरीणबाई, तुमचं काय घासायचं असलं तर द्या की इकडं." मी म्हणते, माझं माझ्या कमरेला आहे आणि ते रोज घासलं जातं. तिला वाटतं, म्हातारीला वेड लागलंय. लागलं असेलही. पण ते कुणी लावलं, ते आज लिहून टाकणार आहे.

यंदा भर पडली ती शंकरमुळं. शंकर माझ्या धाकट्या भावाचा, केरबाचा मुलगा. त्याला धरणाच्या मोजणीवर नोकरी लागली आहे. आता त्याचं सगळं रान, डोंगर आणि तंबू. जाण्याआधी तो जयसिंगपूरच्या बाजारातून घडीचे दोन चाकू घेऊन माझ्याकडे आला. एक ठेवायचा, एक परत करायचा, अशी दुकानदाराशी बोली. दोन्ही विलायती. एकाला इतकी पाती की सगळी उघडली तर साळिंदर वाटावं. त्यात कात्री, कानस, बूच काढायचं मळसूत्र, शिवाय कशासाठी आहे ते दुकानदारालाही सांगता न आलेलं एक वाकडं काहीतरी. दुसरा साधा, त्याला एक मोठं पातं, एक लहान पातं आणि एक आर, म्हणजे टोचायची अणकुचीदार सळई.

"आत्या, कुठला घेऊ? तुला त्यातलं कळतंय म्हणून आलो," शंकर म्हणाला.

मला त्यातलं कळतं, हे खरं आहे. मी तो जाडजूड चाकू त्याच्या कमरेला अडकवला आणि म्हटलं, जा, विहिरीवरून दोन घागरी पाणी आण. पहिल्या घागरीलाच त्यानं चाकू डावीकडून उजवीकडे घेतला आणि दुसऱ्या घागरीला काढून ओट्यावर ठेवला. म्हटलं, बघ, हा उद्या पेटीत जाणार. पेटी तंबूत राहणार आणि तू डोंगरावर असणार. मग त्याची पाती तंबूनं वापरायची का? जे अंगावर राहत नाही ते आपल्याजवळ नाहीच. मग दोन्ही चाकू त्याला ओल्या हातानं आणि डाव्या हातानं एकट्यानं उघडायला लावले. कारण गरज पडते तेव्हा आपला दुसरा हात मोकळा नसतो, तो कशाला तरी धरून असतो. पातं उघडल्यावर ते बोटांवर मागं मिटत नाही ना, दोरी ओवायला भोक आहे ना, अंधारात चाचपून कळतं ना की आर कुठली आणि पातं कुठलं, एवढं बघायचं. बाकी सगळी दुकानाची शोभा.

त्यानं साधा घेतला. माझाही जीव सुखावला, पोराला समजतं म्हणून. तेवढ्यात चाकू कमरेला बांधता बांधता तो म्हणाला, "आणि खंडेनवमीला तेवढा देवापुढं ठेवीन हां आत्या. तुझ्यासारखं पूजेतनं उचलणार न्हाय. आबांचा हात गेला तेवढा बास की."

हे तो हसत म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं. पाणी ओलं असतं, ऊन तापतं, आत्यानं पूजेतलं हत्यार उचललं म्हणून बापाचा हात गेला, अशा ठरून गेलेल्या गोष्टी असतात तशी ती त्याला ठरलेली होती.

"कोण म्हणालं तुला?"

"सगळीच म्हणत्यात."

"सगळी म्हणजे कोण?"

शंकरनं पायताण शोधायला सुरुवात केली. ते त्याच्या पायाशीच होतं.

कोल्हापुरात महाराज गादीवर होते तेव्हाची गोष्ट. मी नांदायला जाऊन परत आले होते. का आले ते सांगत नाही. तेव्हाही कुणाला सांगितलं नव्हतं. अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, विचारलंसुद्धा नाही. त्यांची गुळाची गाडी असायची. आमच्या गावाहून, मुरगूडच्या वाटेनं, कोल्हापूरच्या पेठेपर्यंत. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत चालला होता. बैल वाट चुकत नव्हते, पण बैलाच्या खुरात खडा रुतला तर अप्पांना दिसत नव्हता. म्हणून मी गाडीवर जायला लागले. त्यांचे डोळे म्हणून गेले आणि वर्षभरात गाडीच माझी झाली. पहाटे नाकात भरणारा गुळाचा उग्र गोड वास, नदीच्या उतारावर गाडीची कुरकुर, बैलांच्या पाठीवरची वाफ. त्या दिवसांत मला कुणाचाच राग येत नव्हता. आता आठवलं की नवल वाटतं.

कोल्हापुरात रविवार वेशीजवळ बाबालाल शिकलगार बसायचे. धार लावायचे, चाकू-अडकित्ते घडवायचे. अप्पांनी मला तिथं नेलं आणि म्हणाले, हिला एक चांगला चाकू द्या.

"चाकू देतो हो पावणं," बाबालाल म्हणाले, "पर आधी पोरीला बोलू द्या. बेटी, दिवसभर तुझं काय काय अडतंय?"

माझं काय अडतं, असं तोवर मला कुणी विचारलं नव्हतं. मी सांगत गेले. बैलाच्या खुरातला खडा. अप्पांच्या टाचेतला काटा. पावसानं फुगून बसलेल्या गाठी. जुंपणीचं तुटलेलं चामडं, गोणपाटाची उसवलेली शिवण. त्यांनी दोऱ्यानं माझा तळहात मोजला. एक पातं, एक आर, खुरासाठी एक बोथट आकडा आणि बाजूच्या खोबणीत सरकवायचा चिमटा, एवढं एका मुठीत बसेल असं ठरलं. मी म्हटलं, कानकोरणंही बसवा. सगळ्या गाडीवानांच्या जुडग्यात असतं.

"कान काडीनं बी कोरता येतो," ते म्हणाले. "जे दुसऱ्यानं भागतंय ते कमरेला कशाला वागवायचं? रोज चालणार हाईस तू."

मुठीला त्यांनी म्हशीचं शिंग लावलं. तयार झाल्यावर हत्यार माझ्या हातात दिलं नाही, फडक्यावर ठेवलं आणि मी उचललं. धार हातातून हातात दिली की भांडण होतं म्हणतात. एवढं पाळूनसुद्धा आमच्या घरात भांडण व्हायचं ते झालंच.

बाईच्या कमरेला लोखंड, हे गावाला पचलं नाही. त्यातही तात्याला, म्हणजे माझ्या चुलत्याला, अजिबात नाही. "नांदली न्हाय, वर चाकू लावून हिंडती," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. पण त्याच्याच पायात बाभळीचा काटा मोडला तेव्हा पाय माझ्यापुढंच आला. मी चिमट्यानं काटा काढला आणि आरीनं उरलेलं टोक उकरलं. तात्या डोळे मिटून देवीचं नाव घेत होता, आणि काटा निघाल्यावर देवीलाच नमस्कार केला. तेव्हा मी हसले होते.

मग अप्पा गेले आणि घर तात्याच्या हातात आलं.

त्या वर्षीचं नवरात्र मला अजून नाकानं आठवतं. घटाच्या काळ्या मातीत उगवलेल्या धान्याचा कोंदट ओला वास, तेलाचा, झेंडूचा. बाहेर भुईमुगाच्या शेंगा उपटायला आलेल्या, ऊन असं की ढेकळावर पाय ठरत नाही. नवमीला सकाळी तात्यानं घरातलं सगळं लोखंड गोळा केलं. कोयते, खुरपी, विळे, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, इतकंच काय चुलीजवळची विळीसुद्धा. वहिनीनं, केरबाच्या बायकोनं, त्या दिवशी भाजी हातानं मोडून केली. सगळं धुऊन, पुसून, देवघरात एकावर एक रचलं, हळदकुंकू वाहिलं, फुलं घातली. दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, अशी रीत. शेवटी तात्या माझ्यापुढं येऊन हात पसरून उभा राहिला.

मी म्हटलं, "माझं कमरेलाच राहू दे. इथंच कुंकू लावा."

"आज हत्यार अंगावर ठेवायचं न्हाय," तात्या म्हणाला. "विसावा द्यायचा त्याला."

मी दिलं नसतं. तात्याला मी कधीच काही दिलं नसतं. पण केरबा दारात दात घासत उभा होता. तो म्हणाला, "दे की आक्का, एका दिसाची तर बात हाय."

मी चाकू काढून पाटावर ठेवला. तात्यानं तो ढिगात सगळ्यांच्या खाली सरकवला आणि मग लाल दोरा घेऊन सगळ्या ढिगाला वेढे घातले, गाठी मारल्या. दरवर्षी असा दोरा नसायचा. ती त्या वर्षीची भक्ती होती.

दुपारी जनावरांना पाणी कमी पडलं. आता मोट हाकायची का नाही? मोट म्हणजे काय देवघरातली घंटा आहे? तेही कामाचंच साधन. पण तात्या म्हणाला, मोट चामड्याची, आपण लोखंड पुजलंय, जनावरांसाठी चालतंय. म्हणजे जिथं त्याचे बैल तहानतात तिथं देवी ऐकून घेते. हे मी तेव्हाच मनात टिपून ठेवलं.

ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. विहिरीच्या काठावर दोन खांबांत चाक असतं. त्यावरून जाड दोर जातो, त्याला नाडा म्हणतात. नाड्याच्या एका टोकाला विहिरीत मोट, म्हणजे चामड्याची मोठी बादली, दुसऱ्या टोकाला बैल. बैल उतारावरून खाली गेले की भरलेली मोट वर येते. त्या दुपारी केरबा मोट हाकत होता, वहिनी आणि मी उताराखाली होतो; मोट निम्म्यावर आली आणि नाडा चाकावरून घसरला. केरबानं बैल जागीच थांबवले, वर आला, आणि उजव्या हातानं दोर परत चाकावर चढवायला गेला. दोर एकदम सरकला. हात चाकाच्या आणि दोराच्या मध्ये सापडला, आणि भरल्या मोटेचं सगळं ओझं त्या हातावर आलं.

तो ओरडला नाही. "आक्का," एवढंच म्हणाला, चढावरून खाली मला ऐकू येईल इतकंच.

बैल पुढं गेले असते तर हात चिरडला असता. मागं आले असते तर दोराबरोबर आत ओढला गेला असता. वहिनी धावली आणि तिनं दोन्ही बैलांच्या वेसणी धरल्या. करायचं एकच होतं, विहिरीकडचा दोर कापायचा. म्हणजे मोट खाली पडणार आणि दोर सैल होणार. मी चाकापाशी पोचले आणि माझा हात कमरेवर गेला. कमरेला काही नव्हतं.

मळ्यात खुरपं नाही, विळा नाही, कोयता नाही. सगळं कुंकू लावून विसावा घेत होतं. घर हाकेच्या अंतरावर. मी पळत गेले, आणि देवघराच्या दारात तात्या आडवा आला.

"तात्या, केरबाचा हात नाड्यात अडकलाय. दोर कापायचा हाय."

"आलो, आलो. पर पूजेतलं असं उचलायचं न्हाय. अक्षता टाकून उतरवतो. दम धर."

आणि तो तांदूळ घेऊन आला. तळहातावर तांदूळ घेतले आणि त्यातले तुटके दाणे वेचून बाजूला काढायला लागला. अक्षता अखंड लागतात ना. तुटका दाणा देवीला चालत नाही. बाहेर माझ्या भावाचा हात तुटत होता आणि हा माणूस दाणे निवडत होता. सावकाश. त्याची नजरही कमी झाली होती, म्हणून दाणा डोळ्यांजवळ नेऊन बघत होता. एवढी वर्षं झाली, त्याला जाळूनही कितीतरी वर्षं झाली, आणि तो तळहात मला अजून दिसतो. दिसला की माझे दात एकमेकांवर घासतात.

मी त्याला ढकललं. तो भिंतीशी बसला, तांदूळ सांडले. ढिगावर हात टाकला तर दोऱ्याच्या गाठी. घरातली एकूण एक धार माझ्यापुढं होती आणि मी दोरा दातांनी तोडत होते. कुंकवाची चव आली, लोखंडाची चव आली. अडकलेल्या हाताला लागून कोयता-कुऱ्हाड चालवता येत नाही, म्हणून कोयते, फाळ, कुऱ्हाड सगळं भिरकावलं आणि तळातून माझं हत्यार ओढून पळाले.

दोर कापला. बाबालालची धार, दोन ओढींत दोर तुटला. मोट विहिरीत आपटली आणि केरबा माझ्या अंगावर पडला. त्याच्या हाताकडं मी पाहिलं आणि लगेच पदर गुंडाळला. बैलांनी वहिनीच्या हातात किती वेळा मान झटकली होती आणि प्रत्येक झटक्यानं दोर किती आत रुतला होता, ते तिनं मला पुढं कधीतरी सांगितलं. मी पूर्ण ऐकून घेतलं नाही.

केरबा वाचला. कोल्हापूरच्या दवाखान्यात हात मनगटाच्या वर काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, "इतका वेळ अडकून राहायला नको होता. लवकर सुटला असता तर बोटं गेली असती, पण हात राहिला असता." हे माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. त्या वेळी खाटेशी मी एकटीच होते, केरबा गुंगीत होता.

तो दसऱ्याचा दिवस. बाहेर तोफा झाल्या. महाराजांची स्वारी सीमोल्लंघनाला निघाली होती. हत्ती, घोडे, वाजंत्री, सगळं शहर रस्त्यावर. मी खिडकीशी उभी राहून बघत होते आणि मला एवढंच दिसत होतं की तिथंही शस्त्रांची पूजा झाली आहे आणि पूजा होताच ती शस्त्रं कमरेला लावून माणसं बाहेर पडली आहेत. पूजा करायची ती वापरायच्या वस्तूची, वापरायला मिळावी म्हणून. आमच्या घरात मात्र पूजा म्हणजे वस्तूला बांधून ठेवणं. आणि वस्तूच काय, माणसालाही. दवाखान्यातला एक म्हातारा रुग्ण आपट्याची पानं वाटत आला आणि केरबापुढं पान धरून म्हणाला, "सोनं घ्या." केरबानं सवयीनं उजवा खांदा हलवला. ते पान मी घेतलं आणि खिडकीतून टाकून दिलं.

गावात परत आलो तोवर तात्याची गोष्ट तयार होती. "मी अक्षता टाकतच हुतो. हिनं देवीवर पाय दिल्यागत केलं. देवीनं हातावर भागवलं, जीव घेतला न्हाय, उपकार म्हणायचं." पाराखाली बसणाऱ्यांना ही गोष्ट फार आवडली. कारण तिच्यात न नांदता परत आलेली बाई होती, चाकू होता आणि शिक्षा होती. चावडीत मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की हात आधी अडकला आणि हत्यार मागून उचललं. एवढा साधा क्रम पोराला कळतो. पण त्या गावात भक्तीपुढं आधी आणि मग यांचा हिशेब चालत नव्हता.

मी गाव सोडलं. कोल्हापुरात मुलींच्या शाळेत झाडलोट करायला लागले, तिथंच बाराखडी शिकले, पुढं तीच बाराखडी शिकवली. हत्यार कमरेलाच. खडू तासला, तुटलेल्या पाट्यांच्या चौकटी बसवल्या, मुलींच्या पायांतले काटे काढले, एकदा वेणीत अडकलेला बाभळीचा डिंक कापून काढला. खंडेनवमीला शाळेतही पूजा असते. मी त्या दिवशी दुप्पट वापरते. पेरू कापते, सुतळी तोडते, काही नाही तर नुसतं उघडून मिटून बघते. कुणाला देवीचा अपमान वाटला तर वाटू दे. देवीचा आणि माझा वाद नाही. देवीच्या नावानं तांदूळ निवडणाऱ्यांशी आहे.

वहिनी होती तोवर घरात ही गोष्ट तिच्यासमोर कुणी काढत नव्हतं. तिनं बैल धरले होते, ती तिथं होती. दोन वर्षांपूर्वी ती गेली. तेव्हापासून महिन्यातून एकदा मी गावी जाते, ते एका कामासाठी. एकाच हाताच्या माणसाला त्या हाताची नखं काढता येत नाहीत. हे आपल्या लक्षात येत नाही. जेवता येतं, धोतर नेसता येतं, बैल हाकता येतात, केरबानं सगळं शिकून घेतलं. पण डाव्या हाताची नखं डावा हात काढू शकत नाही. ती वहिनी काढायची. आता मी काढते. सुनेला तो हात लावू देत नाही, लाजतो.

शंकर गेल्यावर दोन दिवसांनी मी गेले. ऊन उतरलं होतं. केरबा सोप्यात बसला होता, सून देवघरातली भांडी घासत होती, तोच खरखर आवाज. मी त्याच्यापुढं बसले, त्याचा हात मांडीवर घेतला, पातं उघडलं. अंगठा झाला. तर्जनी झाली. मी म्हटलं, "शंकर काय काय बोलत हुता. त्याला कुणी सांगितलं रे?"

केरबानं पुढचं बोट सरकवलं. मधलं बोट झालं.

"त्याला सांग की एकदा काय झालतं ते," मी म्हटलं. "तू हुतास तिथं. मी सांगून त्याला पटायचं न्हाय."

"मीच सांगितलं त्याला," तो म्हणाला.

मी मान वर केली नाही. हातात त्याचं बोट होतं आणि धार होती.

"आक्का, राग धरू नको," केरबा म्हणाला. त्याचा आवाज अगदी मऊ होता, आजाऱ्याशी बोलावं तसा. "तात्या अक्षता टाकणारच हुता. तेवढी थांबली असतीस तर देवीनं हात ऱ्हाऊ दिला असता. तू घाबरून केलंस, मला कळतंय. मी कवाच माफ केलंय तुला. उगंच मनात ठेवू नको."

माफ केलंय. इतकी वर्षं मी ज्याच्यासाठी सगळ्या गावाशी अबोला धरला, तो इतकी वर्षं मला माफ करत बसला होता. दर महिन्याला हात माझ्या मांडीवर ठेवून, नखं काढून घेताना, मनातल्या मनात.

अनामिकेचं नख अर्धं निघालं होतं, ते मी पूर्ण काढलं. मग पातं मिटलं.

"करंगळी ऱ्हायली," तो म्हणाला.

"ती तुझ्या देवीकडनं काढून घे."

मी उठले. तो हात तसाच पुढं करून बसला होता. त्याला वाटलं असावं की मी चेष्टा करते आहे, कारण तो थोडा हसला. मी चप्पल घातली आणि पाणंदीनं सरळ चालत आले. सून मागून हाक मारत होती, चहा घेऊन जा म्हणून.

आता त्याचं ते नख वाढलं असेल. धोतराच्या काठात अडकत असेल, जेवताना टोचत असेल. अडकू दे.